'आमचं ऐकलंच नाही' असं म्हणण्याआधी

(अमरावती येथे तरुणांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी अकोल्याचा. वीस-बावीस वर्षं कर सल्लागाराचं काम करतो. आधी विक्रीकर होता, मग व्हॅट आला, मधे एलबीटीचा गोंधळ झाला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत अकोल्याचे डाळमिलवाले बसले, तुमच्या अमरावतीचे कापडवाले बसले, ट्रकमालक बसले, वेल्डिंगची दुकानं चालवणारे बसले. आणि या सगळ्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आज त्याच वाक्यावर बोलायचं ठरवून आलो. ते वाक्य म्हणजे, "साहेबांनी आमचं ऐकलंच नाही, थेट दंड लावला."

हे वाक्य काही वेळा शंभर टक्के खरं असतं. काही वेळा अर्धंच खरं असतं. ते कधी खरं आणि कधी अर्धं, हे ओळखता आलं पाहिजे. ते सांगण्यासाठी मी दुसऱ्या कोणाची नाही, माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगणार आहे.

माझ्या नात्यातल्या एका भाभींच्या नावावर इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. नावावर आहे म्हणतो, कारण गल्ल्यावर भाईजान बसायचे. नोंदणी करताना मोबाइल नंबर आणि ईमेल दुकानात हिशेब लिहिणाऱ्या पोराचा टाकला होता. पोरगा काम सोडून पुण्याला गेला. २०१८-१९ सालच्या हिशेबाबद्दल कारणे दाखवा नोटीस आली ती पोर्टलवर, आणि तिचा मेसेज गेला पुण्याला. आम्हाला कळलं तेव्हा उत्तर द्यायला दोन दिवस उरले होते.

नोटिशीतला आरोप असा होता, की तुम्ही ४ लाख ८० हजार रुपयांचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलं, पण ज्या व्यापाऱ्यांकडून माल घेतला त्यांच्या विवरणात ती बिलं दिसत नाहीत. म्हणून कर ४ लाख ८० हजार, वर व्याज, आणि वर दंड. नोटीस कलम ७४ खाली होती. म्हणजे आरोप फसवणुकीचा, आणि दंड कराइतकाच, आणखी ४ लाख ८० हजार.

मी रात्री जागून उत्तर तयार केलं. बिलं जोडली, बँकेचे उतारे जोडले. उत्तराच्या फॉर्मला डीआरसी-०६ म्हणतात. त्यात शेवटी एक प्रश्न असतो, वैयक्तिक सुनावणी हवी का? हो की नाही? मी 'नाही'वर टिक केलं. का केलं? मला वाटलं, कागदं बोलतातच, तारीख कशाला ओढवून घ्यायची. भाभींना ऑफिसात घेऊन जावं लागेल, त्या काय बोलणार. असा सगळा विचार मी एका सेकंदात केला आणि पुढे गेलो.

महिन्याभरात आदेश आला. दंडासकट. त्यात लिहिलं होतं, करदात्याने सुनावणी मागितली नाही आणि पुरवठादारांची प्रमाणपत्रं सादर केली नाहीत. भाईजान माझ्याकडे आले आणि तेच वाक्य म्हणाले. "आपलं ऐकलंच नाही." मी मान खाली घातली. कारण ऐकू नका, हे मीच लिहून दिलं होतं.

या गोष्टीचा शेवट नंतर सांगतो. आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

कर, व्याज आणि दंड या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण तिन्ही एकाच श्वासात म्हणतो, तिथेच गडबड होते. कर म्हणजे सरकारचं तुमच्याकडे असलेलं येणं. व्याज म्हणजे ते उशिरा दिल्याची भरपाई. दंड, ज्याला कायद्याच्या मराठीत शास्ती म्हणतात, तो मात्र तुमच्या वागण्यावरचा निवाडा असतो. तुम्ही चुकलात किंवा तुम्ही फसवलंत, असा शिक्का. जीएसटीत हा फरक रुपयांत दिसतो. साधी चूक असेल तर कलम ७३ खाली दंड कराच्या १० टक्के किंवा १० हजार रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. फसवणूक, जाणूनबुजून खोटं निवेदन किंवा वस्तुस्थिती लपवणं असेल तर कलम ७४ खाली १०० टक्के. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासूनच्या प्रकरणांना या दोन्हींच्या जागी कलम ७४अ लागतं, पण साधी चूक आणि फसवणूक हा भेद तिथेही कायम आहे.

आता सांगा, एखाद्या माणसाने चूक केली की फसवणूक, हे त्याला न विचारता कसं ठरवणार? बिलावरचा आकडा कागदावर दिसतो. मनातला हेतू कागदावर दिसत नाही. म्हणून दंडाच्या कामात सुनावणी ही अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही. तिच्याशिवाय निवाडाच होऊ शकत नाही.

हे तत्त्व आपल्या कायद्यात जुनं आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी प्रकरणात पासपोर्टच्या निमित्ताने सांगितलं, की ज्याच्या हक्कावर घाला येतो त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, आणि सरकारची कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे. करांच्या कायद्यांत तर ते अक्षरशः लिहून ठेवलंय. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २७४ मध्ये होतं, की करदात्याला ऐकल्याशिवाय किंवा ऐकण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय दंडाचा आदेश काढता येणार नाही. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेतली, कलमांचे नंबर बदलले, तत्त्व गेलं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीच गोष्ट आहे. ऐकण्याची संधी दिल्याशिवाय कोणावरही दंड लावायचा नाही. त्याच कलमात असंही आहे, की दंड चुकीच्या प्रमाणात हवा, आणि किरकोळ, सहज दुरुस्त होणाऱ्या चुकीला, जी फसवणुकीच्या हेतूने किंवा घोर निष्काळजीपणाने झालेली नाही, तिला दंड लावू नये.

आणि कलम ७५(४). हा आकडा लिहून घ्या. त्यात दोन प्रसंग सांगितलेत. एक, करदात्याने लेखी मागणी केली तर सुनावणी द्यायची. दोन, करदात्याच्या विरोधात निर्णय घ्यायचा विचार असेल तरी सुनावणी द्यायची. या दोघांमध्ये 'किंवा' आहे. म्हणजे मागणी नसली, पण निर्णय विरोधात जाणार असला, तरी बोलावलंच पाहिजे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भारत मिंट अँड अलाइड केमिकल्स या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. करदात्याने फॉर्ममध्ये 'नाही'वर टिक केलं म्हणून अधिकाऱ्याचं कर्तव्य संपत नाही. मी हा निकाल वाचला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण तुम्ही माझ्यासारखं करू नका. जो हक्क एका टिकने मिळतो, तो उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढून कशाला मिळवायचा?

सुनावणी म्हणजे फक्त खुर्ची आणि चहा नाही. आरोप काय आहे हेच कळलं नसेल, तर समोर बसून बोलणार काय? यावर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आहे. तो गोवा खंडपीठातला आहे, पण मुंबई उच्च न्यायालय एकच असल्यामुळे आपल्या विदर्भालाही तो लागतो. ११ मार्च २०२१. मोहम्मद फरहान ए. शेख विरुद्ध आयकर उपायुक्त. तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ.

मुद्दा ऐकायला अगदी लहान होता. आयकराच्या दंडाची नोटीस छापील फॉर्मवर यायची. त्यात दोन आरोप छापलेले असायचे. तुम्ही उत्पन्नाचा तपशील लपवला, किंवा तुम्ही चुकीचा तपशील दिला. अधिकाऱ्याने यातला जो लागू नाही तो खोडायचा. आपल्या प्रत्येक सरकारी फॉर्मवर असतं ना, 'लागू नसेल ते खोडा', तसं. तर या प्रकारच्या नोटिशीत काहीच खोडलं नाही, तर काय होतं? खात्याचं म्हणणं होतं, एवढ्याने काय बिघडतं? मूळ करनिर्धारणेच्या आदेशात सगळं लिहिलंय, करदात्याला माहीत असतं.

पूर्णपीठाने ते मान्य केलं नाही. न्यायालयाने सांगितलं, की दंडाची कारवाई ही करनिर्धारणेपासून वेगळी आहे. तिचा आरोप तिच्याच नोटिशीतून स्पष्ट कळला पाहिजे. दुसऱ्या आदेशात शोधून काढा, असं करदात्याला सांगता येणार नाही. न खोडलेली नोटीस मोघम असते, ती विचार न करता काढल्याचं दाखवते, आणि त्या दोषाने दंडाची कारवाईच बिघडते.

पेनाची एक रेघ. ती मारली नाही म्हणून दंड टिकत नाही. काही लोक म्हणतात, ही पळवाट आहे. मला तसं वाटत नाही. लपवणं आणि चुकणं यांचं उत्तर वेगवेगळं असतं. लपवल्याचा आरोप असेल तर मी सांगेन, हे बघा, वहीत आहे. चुकीचा तपशील दिल्याचा आरोप असेल तर सांगेन, आकडा असा का आला. दोन्ही आरोप एकदम अंगावर टाकले, तर मी कोणाचं उत्तर देऊ? पण याचा अर्थ नोटिशीत खोट सापडली की सुटलो, असाही घेऊ नका. कर देणं असेल तर तो द्यावाच लागतो.

जीएसटीतही याच धाग्याची कलमं आहेत. ७५(६) सांगतं, आदेशात वस्तुस्थिती आणि निर्णयाचा आधार लिहिला पाहिजे. ७५(७) सांगतं, नोटिशीत जेवढी रक्कम आहे त्यापेक्षा जास्त मागता येणार नाही, आणि नोटिशीत नसलेलं कारण आदेशात घुसवता येणार नाही. आदेश हातात आला की पहिलं काम, तो नोटिशीशेजारी ठेवा आणि बोट ठेवून ओळीमागे ओळ ताडून पाहा.

इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या घरात गाड्या आहेत. नागपूर-मुंबई महामार्ग आपल्या दोन्ही शहरांवरून जातो. ई-वे बिलात काही कमी निघालं, गाडी थांबवली, की ड्रायव्हरचा फोन येतो आणि मालक म्हणतो, भर दंड, गाडी काढ. माल खराब होतो, भाडं चढतं, मला कळतं. पण कलम १२९ मध्येही माणसाला ऐकल्याशिवाय दंड ठरवता येत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एएसपी ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं, की माल सोडवण्यासाठी पैसे भरले म्हणून व्यापाऱ्याने आरोप मान्य केला असं समजून प्रकरण गुंडाळायचं नाही. कारणांसह आदेश काढलाच पाहिजे, कारण आदेश नसेल तर तो अपील कशावर करणार? ते प्रकरण झाशीजवळ अडवलेल्या सुपारीच्या मालाचं होतं. म्हणून गाडी सोडवायला पैसे भरायचेच असतील, तर आक्षेप कायम ठेवून भरतोय असं लेखी द्या, आणि आदेशाची प्रत मागा.

आता घराजवळ येऊ. जीएसटी सगळ्यांना नसतो, घरपट्टी सगळ्यांना असते. अकोल्यात २०१७ मध्ये महापालिकेने मालमत्ता कर वाढवला. नगरसेवक जिशान हुसेन न्यायालयात गेले. २०१९ मध्ये नागपूर खंडपीठाने ती वाढ रद्द केली, आमच्याकडे लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथे निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. त्याआधी १६ वर्षं दर बदलले नव्हते, आणि पालिकेला आपला खर्च भागवायला उत्पन्नाची साधनं वाढवता आली पाहिजेत, असा त्यातला विचार होता.

हा निकाल मी आज का सांगतोय? कारण या काळात कितीतरी घरांनी बिल भरणं थांबवलं आणि वाट बघितली. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. वर्षाला २४. जो लढा सगळ्यांच्या वतीने एकजण लढत होता, तो दराचा लढा होता. पण तुमच्या घराचं मोजमाप चुकलं, राहतं घर दुकान म्हणून लागलं, पत्र्याच्या शेडला स्लॅबचा दर लागला, याचा लढा दुसरा कोणी लढणार नाही. त्याची जागा न्यायालयातली याचिका नाही. मूल्यांकनाची यादी प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत दिलेली तक्रार आणि तिच्यावरची सुनावणी, ही त्याची जागा. महापालिका अधिनियमातल्या कराधान नियमांत ही सुनावणी ठेवलेली आहे. त्या दिवशी घराचा नकाशा, वीजबिल, जुनी पावती आणि फोटो घेऊन किती जण गेले होते? आपल्या मोहल्ल्यातून मोर्च्याला शंभर जण निघतात, सुनावणीला चार. मोर्चा चुकीचा नाही. पण मोर्च्यात तुमच्या शेडचं मोजमाप दुरुस्त होत नाही.

एक प्रश्न तुमच्यातला कोणीतरी विचारणार, म्हणून मीच विचारतो. "सर, नोटिसा आपल्याच लोकांना जास्त येतात का?" मी खरं सांगतो. माझ्या अनुभवात पोर्टल नाव बघून नोटीस काढत नाही, आकडे जुळले नाहीत की काढतं. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात काही नसतंच, असंही मी म्हणणार नाही. टोमणे मीही ऐकलेत. तरी सुनावणीच्या खोलीत "आम्ही मुसलमान म्हणून" या वाक्याने काही सिद्ध होत नाही. तिथे सिद्ध होतं ते पोच घेतलेल्या अर्जाने. "मी अमुक तारखेला सुनावणी मागितली, ही पोच, तरी मला बोलावलं नाही" हे वाक्य कुठल्याही न्यायाधीशापुढे उभं राहतं. भेदभाव झाला असेल, तर तोही याच कागदातून दिसेल. कागदच नसेल, तर तुमच्याकडे फक्त गाऱ्हाणं उरतं.

आणि पूर्वग्रह नसलेलाही अधिकारी असतो, तोच जास्त असतो. त्याच्याकडे शेकडो फायली असतात, मुदत संपत आलेली असते. जो आला त्याचं तो ऐकतो. जो आला नाही त्याची फाइल एकतर्फी निकाली निघते.

मग करायचं काय? चार-पाच सवयी सांगतो. तुम्ही तरुण आहात, मोबाइल तुमच्या हातात आहे, हे काम घरात तुमचंच आहे.

पहिली. आज घरी गेल्यावर बघा, दुकानाच्या नोंदणीत मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे. मुनीमाचा असेल, माझ्यासारख्या सल्लागाराचा असेल, तर बदलून घ्या. कलम १६९ प्रमाणे नोटीस पोर्टलवर टाकणं हीसुद्धा ती बजावण्याची एक पद्धत आहे. 'मी उघडलंच नाही' हे उत्तर चालत नाही. पोर्टलच्या एका कोपऱ्यातल्या वेगळ्या रकान्यात नोटीस टाकली म्हणून ती दिसली नाही, अशा प्रकरणांत मद्रास आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी व्यापाऱ्यांना पुन्हा संधी दिली, हे खरं. पण तो उशिरा मिळालेला दिलासा होता. आठवड्यातून एकदा पोर्टल उघडायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी. नोटीस पूर्ण वाचा. कलम कोणतं, वर्ष कोणतं, रक्कम किती, उत्तराची तारीख कोणती, सुनावणीची तारीख कोणती. काही नोटिशीत सुनावणीच्या तारखेचा रकाना रिकामा असतो. काहींत सुनावणीची तारीख उत्तराच्या मुदतीच्या आधीची असते. असं दिसलं तर लगेच लेखी कळवा.

तिसरी. सुनावणी नेहमी मागा. फॉर्ममध्ये 'हो' करा आणि उत्तराच्या शेवटी चार ओळी लिहा. "माझ्याविरुद्ध निर्णय घेण्याचा विचार असल्यास कलम ७५(४) नुसार मला वैयक्तिक सुनावणी द्यावी. ज्या कागदपत्रांच्या आधारे आरोप केला आहे त्यांच्या प्रती द्याव्यात. सुनावणीची तारीख मला आगाऊ कळवावी." एवढंच. मोठं इंग्रजी लागत नाही.

चौथी. तारखेला जा. जाता येत नसेल तर कारण देऊन आधी मुदत मागा. कलम ७५(५) प्रमाणे पुरेसं कारण असेल तर तारीख पुढे मिळते, पण जास्तीत जास्त तीन वेळा. चौथ्यांदा कायदाच तुमच्या बाजूने नसतो. गेल्यावर आवाज चढवू नका, खोटं बोलू नका. चूक झाली असेल तर चूक म्हणा, आणि ती चूकच कशी आहे, फसवणूक का नाही, ते कागदाने दाखवा. उठण्याआधी तुम्ही काय मांडलं याची नोंद झाली का ते बघा, आणि घरी आल्यावर तेच लेखी पाठवून द्या.

पाचवी. आदेश विरोधात गेला तर दिवस मोजा. अपिलाला तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना. त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्या हातात काही नसतं. वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. आमच्याकडे लोक आदेश गल्ल्यात ठेवतात, म्हणतात ईदनंतर बघू. ईद होते, सीझन होतो, बँकेचं खातं गोठतं, आणि मग येतात.

आता भाभींच्या गोष्टीकडे परत येतो.

आम्ही अपील केलं. ४८ हजार भरले. मी पहिला मुद्दा सुनावणी न दिल्याचा लिहिला. यावेळी 'हो'वर टिक केलं. मधल्या दोन महिन्यांत पुरवठादारांकडे खेटे घातले. त्या जुन्या वर्षांसाठी डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने एक सोय दिली होती. पुरवठादाराच्या विवरणात बिल दिसत नसेल, तर त्याने प्रमाणपत्र द्यायचं की मी माल पुरवला आणि कर भरला. काहींनी दिलं. काही दुकानं बंद झाली होती. साधारण निम्म्या रकमेची प्रमाणपत्रं मिळाली.

तारखेला मी आणि भाईजान निघालो. भाभी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नोटीस माझ्या नावाची आहे ना? मग मी येते." भाईजान मला बघायला लागले, मी त्यांना. खरं सांगतो, तोपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणीही त्यांना नोटीस वाचून दाखवली नव्हती. फसवणुकीचा आरोप ज्या बाईवर होता, तिला आम्ही तो आरोप सांगितलाच नव्हता. सरकारने ऐकलं नाही म्हणून आम्ही अपिलात गेलो होतो, आणि घरात आम्हीही तिचं ऐकलं नव्हतं.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, फर्म कोणाची? भाभी म्हणाल्या, माझी. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कोणत्या व्यापाऱ्याला कोणत्या तारखेला कितीचा चेक दिला, त्यांच्या हातचं उर्दूत लिहिलेलं. चेकवर सह्या त्यांच्याच असायच्या ना, म्हणून त्या लिहून ठेवायच्या. मला ही वही माहीतच नव्हती. अधिकाऱ्यांना उर्दू येत नव्हतं, मी एकेक ओळ वाचली, ते बँकेच्या उताऱ्यावर खूण करत गेले. त्या म्हणाल्या, "साहेब, पैसे बिलाप्रमाणे कराच्या रकमेसकट दिलेत. समोरच्याने सरकारला भरले नाहीत, हे मला कसं कळणार?"

आदेश आला. ज्यांची प्रमाणपत्रं मिळाली तेवढा कर सुटला. उरलेला २ लाख ४० हजार, व्याजासकट, भरावा लागला. पण फसवणूक सिद्ध होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. म्हणून दंड कलम ७४ चा नाही, ७३ चा. ४ लाख ८० हजारांच्या जागी २४ हजार.

पूर्ण जिंकलो नाही. कायद्यात जे देणं होतं ते दिलं. पण फसवणुकीचा शिक्का पुसला गेला, आणि तो एका बाईने वही उघडून पुसला. तीच वही पहिल्या वेळी दाखवता आली असती. मी 'नाही'वर टिक केलं नसतं, आणि त्यांना विचारलं असतं, तर.

आपल्याकडे कितीतरी दुकानं, घरं, गाड्या आई, बहीण, बायको यांच्या नावावर असतात. सही त्यांची, नोटीस त्यांची, जबाबदारी त्यांची. बोलायला मात्र आपण जातो. मुलींनो, तुमच्या नावावर काही असेल तर त्याचा पासवर्ड तुमच्याकडे असू द्या. मुलांनो, आईच्या नावाची नोटीस आली तर आधी आईला वाचून दाखवा. मोहल्ल्याच्या कमिट्यांमध्ये, घरातल्या बैठकांमध्येही आपण एकाच बाजूचं ऐकून निकाल देतो. जो नियम सरकारने पाळावा म्हणून आपण भांडतो, तो आपणही पाळला पाहिजे.

भाभी आता दर शनिवारी स्वतः पोर्टल उघडतात. मागच्या महिन्यात एक छोटी नोटीस आली, रिटर्नला उशीर झाल्याची. त्यांनी मला फोन केला तो उत्तर पाठवून झाल्यावर. मी विचारलं, सुनावणीच्या रकान्यात काय केलं? म्हणाल्या, "'हो' केलं. तुमच्यासारखं नाही."